मॉरिशसमधलं खालचं घर

आप्पा,

तुमचे जावई म्हणाले, आता नोकरी सोडतो आणि आपण दोघं मॉरिशसला राहायला जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेल्याबरोबर मी त्यांच्या पँटच्या खिशात हात घातला. असं मी आधी कधी केलं नव्हतं म्हटलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून तसं म्हणत नाही. खिशात डिझेलची पावती होती, सुपारीची पुडी होती आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. कागदावर त्यांच्या ओबडधोबड अक्षरात दोनच शब्द होते : पायऱ्या सात. मी तो होता तसा घडी घालून परत ठेवला आणि दिवसभर कामावर, पुडकी फोडता फोडता, या सात पायऱ्या कुठल्या आणि कुणाच्या घराच्या, याचाच विचार करत राहिले.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा थोडं मागून सांगायला हवं. यांच्या गावची, मानकोलीकडची भातशेती तुम्ही पाहिली होती. ती आता नाही. तिथे एकाला एक लागून गोदामं उभी आहेत. आमच्या वाट्याच्या तुकड्यावरही एक गोदाम आहे आणि त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. तरी यांनी ट्रेलर चालवणं सोडलं नव्हतं. बंदरातून कंटेनर उचलायचा, रांगेत तासन् तास बसायचं, मानकोलीला येऊन तो रिकामा करायचा आणि परत फिरायचं. पन्नाशी उलटली तसा कमरेला पट्टा आला, मग पायाला मुंग्या यायला लागल्या, मग क्लच दाबताना तोंडातून एक बारीक आवाज निघायला लागला, जो शेजारी बसलेल्या मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं.

मीही तिथल्याच एका मोठ्या गोदामात कामाला आहे. माझं खातं परत आलेल्या मालाचं. लोक फोनवरून कपडे मागवतात, नको झाले की परत पाठवतात. ती पुडकी उघडायची आणि पाठवणारा खरं बोलतोय की खोटं, ते ठरवायचं. लग्नात नेसून झालेली साडी 'रंग आवडला नाही' म्हणून परत येते आणि निऱ्यांच्या घडीत अक्षता सापडतात. बुटांच्या खोक्यातून विटेचा तुकडा निघतो. एखाद्या पुडक्याची चिकटपट्टी फार नीट, फार सरळ लावलेली असली की मी ते आधी बाजूला काढते, कारण खऱ्या माणसाच्या हातून पट्टी थोडी वाकडी जातेच. आठ तासांच्या उभ्या ड्युटीत आमच्या शिफ्टमध्ये माझ्याइतकं कुणी पकडत नाही. साहेब म्हणतात, मॅडमच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ही नजर नारपोलीहून, तुमच्या त्या लूमच्या कारखान्यातून आलेली आहे, हे मी त्यांना सांगत नाही.

मी पाचवी-सहावीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन कारखान्यात यायचे. अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही तपासणीच्या टेबलाशी उभे आहात, टेबलाच्या काचेखाली दिवा लागलेला आहे आणि वरून कोऱ्या कापडाचा ताका पुढे पुढे सरकतोय. पलीकडच्या शेडमध्ये लूम इतके खडखडतायत की माणसं हातानेच बोलतात. तुमचा हात एकदम थांबतो. तुम्ही खडूने एक छोटी खूण करता. विणणारा कारागीर येतो आणि तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो, "चाचा, एक धागा ही तो है, किसको दिखेगा?" आणि तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणता, "मेरे को दिखा ना." मला तुमचा एवढा अभिमान वाटायचा की डबा द्यायचं राहून जायचं.

एक दिवस तुम्ही खडू माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, तू बघ. तो ताका ज्या माणसाचा होता त्याला ताप भरला होता, खांद्यावर ओला रुमाल घेऊन तो भिंतीला टेकून उभा होता. कापडात एका ठिकाणी धागे सुटून जाळी झाली होती. मला ती दिसली आणि मी हात पुढे नेला नाही. तुम्ही खडू परत घेऊन ती खूण स्वतः केलीत. घरी आल्यावर आई भाकऱ्या भाजत होती, तुम्ही पाटावर बसलात आणि ताटाकडे बघत म्हणालात, "दया आली तर आपल्या ताटातलं दे. पण दिसलेलं दिसलं नाही म्हणून सांगू नको." आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "अहो, लहान आहे ती." तुम्ही म्हणालात, "लहान आहे म्हणूनच आत्ता सांगतोय." त्या दिवसानंतर माझ्या हातून काही सुटलं नाही, आप्पा. दहावी झाल्यावर मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही धागे मोजायचं तुमचं पितळी भिंग दिलंत. मी रडले होते. आता ते रोज वापरते.

आणि जावई तुम्हीच पारखून घेतलेत, हेही मी विसरलेले नाही. स्थळ आल्यावर तुम्ही कुणाला न सांगता यांच्या गावी गेलात, पेंढा विकत घ्यायला आलोय असं सांगून अंगणात बसलात. सासूबाईंनी तुम्हाला सुकट आणि भाकरी वाढली. त्या पेंढ्याची तारीफ करत होत्या आणि हे, तेव्हा चोवीस-पंचविसाचे, मधेच म्हणाले, "काका, खालचा सगला भिजलाय. नका घेऊ." सासूबाईंनी लेकाकडे असं पाहिलं असणार की काय सांगू. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "मुलगा सरळ आहे. एवढा सरळ की मलाच शंका आली, म्हणून परवा परत जाऊन येतो." आणि खरंच परत गेलात. दुसऱ्यांदा गवत कापायचा विळा विकायला. दोन फेऱ्यांत तुम्हाला काही सापडलं नाही म्हणून माझं लग्न झालं. तुम्ही पास केलेला माणूस मी त्यानंतर रोज तपासत आले.

तर हे मॉरिशसचं म्हणाले तो रविवार. हे स्वयंपाकघरात खाली बसून निवट्या साफ करत होते. खाडीतले ते मासे आता मिळत नाहीत, कुठून तरी वाटाभर आणले होते. खालमानेनेच म्हणाले, "मी कंटाललो गो. पाठ जाम झाली. आपून मॉरिशसला जाऊन राहू."

मला वाटलं, हे फिरायला जायचं म्हणतायत.

"फिराया न्हाय. राहायलाच. पन्नाशीच्या वरच्या मानसाला राहू देतात तिथं, दर महिन्याला हितून ठरलेलं पैसं तिकडं गेलं म्हंजे झालं. आपल्या भाड्यात व्हतंय. तिथं खाडी हाय, मासं हाय, मराठी बोलनारी मानसं हायत. गनपती बसवतात."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं त्यांच्या लहानपणापासूनच्या दोस्ताने. गावातलाच, क्रेन चालवणारा. दोन वर्षं तिकडे एका बांधकामावर होता आणि एका म्हाताऱ्या बाईकडे भाड्याने राहिला होता. बाईचे पूर्वज पाच-सहा पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. नवरा वारलेला, मुलं परदेशात. ती वरच्या मजल्यावर राहते आणि खालचं घर रिकामं आहे.

"आगाऊ किती मागते?"

"काय न्हाय मागत. बोलते, आधी या, राहून बघा."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. आगाऊ न मागणारा घरमालक मी भिवंडीत जन्म काढून पाहिलेला नाही. माझ्या दृष्टीने ती फार सरळ लावलेली चिकटपट्टी होती.

पुढचे दोन महिने मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण तुम्हाला सांगताना कमी वाटते. यांचा फोन मी पाहायला लागले. बाईचे आवाजी निरोप असायचे. "भाऊ, नमस्कार, आज पाऊस पडला," एवढंच, पण मराठी अशी की जुन्या बालभारतीचा धडा कुणी परका माणूस वाचतोय. भाऊ कशाला म्हणते, असं मी मनात धरलं. तिने घराचे फोटो पाठवले होते. पांढरी भिंत, निळं दार, मागे ऊस आणि उसाच्या पलीकडे समुद्राची रेघ. ते फोटो मी मोठे करकरून पाहिले. खिडकीच्या काचेत समोरच्या झाडाची सावली पडली होती, ते झाड दुसऱ्या फोटोत त्याच जागी आहे का ते पाहिलं. होतं. क्रेनवाल्याला एकदा धामणकर नाक्यावर रिक्षाच्या रांगेत गाठलं. म्हटलं, "तुम्हाला यात काय मिळणार?" तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. म्हणाला, "वहिनी, मना काय मिलनार? त्याची पाठ बघवत न्हाय, म्हनून बोललो." मी घरी येऊन हा 'बघवत न्हाय' शब्दसुद्धा दोनदा उलटून पाहिला. पुण्याला असलेल्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, एक दिवस तू बाबांनापण पुडक्यात घालून परत पाठवशील."

हे चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. चिडत नव्हते. म्हणाले, "तू आधी जाऊन बघून ये. तुला न्हाय पटलं तर न्हाय जायचं." मी म्हटलं, बघायला गेलं की माणूस अडकतो. मग एकदा रात्रीचं जेवण चालू असताना म्हणाले, "तुला न्हाय यायचं, तर मी चार महिने जाऊन येतो. पाठीला बरं पडंल." झालं. एकटं जायचंय तर. मी पुढचा घास गिळला, पण चव गेली होती.

तेव्हा मी तुमच्यासारखंच करायचं ठरवलं. तुम्ही पेंढ्याचं गिऱ्हाईक झालात ना, तसं. बाईचा नंबर यांच्या फोनमधून उतरवून घेतला होता. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या एका बाईचा फोन मागून घेतला आणि गोदामाच्या मागच्या बाजूला, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाआड उभी राहिले. पलीकडून आवाज आला तसं मी साहेबांसारखा आवाज जड करून म्हटलं, "मी भारतातून, सरकारी चौकशी खात्यातून बोलते. तुमच्याकडे एक इसम राहायला येणार आहे. त्याबद्दल विचारायचं आहे."

म्हातारी म्हणाली, "हो बाई, विचारा. भाऊ चांगले माणूस आहेत."

"तुम्ही त्यांना पाहिलंय?"

"फोनवर. मुखडा पाहिला."

"मग चांगले कशावरून?"

"आठवड्याला एकदा बोलतात. आपल्यासाठी कमी, बायकोसाठी जास्त विचारतात." तिची मराठी सावकाश यायची, एकेक शब्द फडताळातून काढून दिल्यासारखी. "बायकोचे पाय सुजतात, म्हणाले. आठ तास उभी असते. गुडघा दुखतो. म्हणून मला पायऱ्या मोजायला सांगितल्या. दारापुढे सात आहेत. मग म्हणाले, एका बाजूला कठडा लावता येईल काय. मी लावला. न्हाणीत पण धरायला दांडा लावला."

मी खोक्यांना टेकले. आणि ती बोलतच होती, कारण इतक्या लांबून कुणी मराठीत विचारतंय याचा तिला आनंद झाला असावा. "त्यांची बायको लवकर भरवसा ठेवत नाही, असं म्हणाले. म्हणून सगळे कागद आधी जमवतात. ती विचारील तेव्हा हातात असले पाहिजेत. मी म्हटलं, भाऊ, तशी बाई घरात असावी. ते म्हणाले, हो, तिच्यामुळेच आमचं घर उभं आहे."

आप्पा, फोन तिथे ठेवायला हवा होता. उजेडात धरून पाहिलं, चारी बाजूंनी पाहिलं, कापड स्वच्छ होतं. तुम्ही मला खोट दिसली की काय करायचं ते शिकवलंत. ती दिसली नाही तर हात कुठे थांबवायचा, हे काही बोलला नव्हतात, किंवा मी ऐकलं नसेल. माझ्या डोक्यात एवढंच आलं की इतकं चांगलं खरं नसतं, हे पढवलेलं आहे. आणि मी म्हटलं, "बाई, त्याने तुमच्याकडे काही पाठवलंय का? पैसा, सामान? नीट आठवून सांगा. तुमच्यावरही चौकशी बसू शकते."

मग ती म्हणाली, "मी विधवा बाई आहे. मला पोलिसाचं काही नको." आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मला यातलं काही माहीत नाही, बाई." आणि फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी यांना निरोप आला. मी कामावरून आले तेव्हा हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले होते. एरवी माझ्या आधी आले तर चहा टाकतात. म्हणाले, "ऐक," आणि फोन माझ्यापुढे धरला. म्हातारी म्हणत होती, "भाऊ, माफ करा. खालचं घर पुतण्याला दिलं. आता मला फोन करू नका." एवढंच. त्यांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "माझं काय चुकलं असंल गो?"

मी म्हटलं, "हात धुऊन घ्या, चहा ठेवते."

मला वाटलं होतं, हे दोन दिवस गप्प राहतील आणि विषय संपेल. तसं झालं नाही. यांच्या आत काही तरी बदललं आणि ते मी रोज, अगदी जवळून पाहिलं. भाजीवालीचा काटा ते कधी बघत नव्हते, आता वाकून बघायला लागले. गोदामाच्या भाडेकरूने भाडं एक दिवस उशिरा दिलं, तर त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलगी फोनवर म्हणाली की पुढच्या महिन्यात येते, तर मला म्हणाले, "तिला काय तरी पायजेल असंल." आपल्या मुलीबद्दल, आप्पा. आणि एका सकाळी त्यांनी क्रेनवाल्याला गावच्या देवळापाशी सगळ्यांसमोर विचारलं, "तूच बाईला काय तरी बोललास ना? तुला मधे खायला न्हाय मिललं म्हनून?" मी भाजी घेऊन मागून येत होते. त्या माणसाने काही भांडण केलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी नाक्यावर त्याला जे विचारलं होतं तेच हे आता ओरडून विचारत होते, आणि ते त्याच्या लक्षात आलं असावं. "तुला तसं वाटत असंल तर तसंच," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. पंचेचाळीस वर्षांची दोस्ती होती ती, खाडीत एकत्र पोहायला शिकलेली. त्यानंतर तो आमच्या दारात आलेला नाही. हे परत ट्रेलरवर जायला लागले. नोकरी सोडायचा अर्ज दिला होता, तो मागे घेतला. सकाळी पट्टा बांधताना भिंतीला हात लावून उभे राहतात, तेव्हा मी गॅसजवळ भांड्यांचा आवाज करते.

तीन आठवड्यांपूर्वी मी परत फोन केला. या वेळी माझ्याच फोनवरून, दुपारी, घरूनच. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. तिने उचलला तसं मी म्हटलं, "मी भिवंडीहून बोलते. ते तुमच्याकडे येणार होते ना, त्यांची बायको."

"अगो बाय!" तिला एवढा आनंद झाला की मी कागद खाली ठेवला. "भाऊ कसे आहेत? कंबर कशी आहे? माझ्यावर रागावले का?"

"नाही. पुतण्या राहायला आला का, एवढंच विचारायचं होतं."

"मला पुतण्या नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. एका बाईने सरकारातून फोन केला, मी भ्याले. माझ्या मुलाने नंतर विचारून पाहिलं, इथे काही तक्रार नाही, काही नाही. पण मग भाऊंना कोणत्या तोंडाने फोन करू? घर रिकामंच आहे. कठडा पण तसाच आहे."

मी म्हटलं, "मी त्यांना सांगते. तुम्ही काळजी करू नका."

हे मी मनापासून म्हटलं होतं. तिच्याकडे मागे कोंबडा आरवत होता, तो ऐकू येत राहिला. मग ती हळू म्हणाली, "बाई, तुमचा हा आवाज मी आधी ऐकलाय काय?"

मी फोन बंद केला. तिने नंतर दोनदा केला, मी उचलला नाही. तिसऱ्यांदा केलाच नाही. यांना तिने काही कळवलेलं नाही, कारण कळवलं असतं तर ते यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं असतं. म्हणजे ती मला वेळ देतेय. किंवा तशी वाट पाहून ती मला पारखतेय. बघा, अजून माझं हेच चाललंय.

आज रविवार आहे. हे गाडीचं काम करून घ्यायला गेलेत आणि मी ओट्याशी स्टूल ओढून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून हे लिहितेय. सांगायचं म्हटलं तर चार वाक्यं आहेत. घर रिकामं आहे. तिला पुतण्या नाही. फोन मी केला होता. दोस्ताची माफी मागा. हे कदाचित ओरडतील, कदाचित काही न बोलता बाहेर जाऊन बसतील, आणि बहुतेक, हे त्यांना ओळखून सांगते, दोन दिवसांनी जमवलेल्या कागदांची पिशवी पुन्हा काढतील. चार वाक्यांसाठी माझे तीन रविवार गेले. मुलीला सांगावं असंही मनात आलं, पण तिचं ते पुडक्याचं वाक्य मला परत ऐकायचं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आधी सांग आणि मग रड. म्हणून तुम्हाला लिहितेय. हा कागद कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे. तसं नसतं, तर मी तुमच्यापुढेसुद्धा फोनची गोष्ट गाळली असती.

आणि एक गोष्ट गाळलीच आहे. देवळापाशी भांडण झालं त्या दुपारी हे घरी येऊन जेवायला बसले. मी वाढत होते. निम्मं ताट झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "तू बोलत व्हतीस तेच खरं. मानसं खोटी असतात. तू व्हतीस म्हनून मी वाचलो." अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी समोर बसले, माझंही पान वाढून घेतलं आणि वर आणखी भात घेतला. आप्पा, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.